सावंतवाडीच्या गंजिफा: फ्रेम करून लावल्या म्हणजे वारसा जपला का?

पानपिसारा:
सावंतवाडीला गेलेला प्रत्येक जण गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) घेऊन येतो, फ्रेम करतो, हॉलमध्ये लावतो. विचारा बरं त्याला, दशावतारी गंजिफांच्या डावात मोठं पान कुठलं? दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं म्हणजे १२०, त्यात राजा आणि प्रधान सगळ्यात वर, त्यांच्याखाली पाच अवतारांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का, शिवाय डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरू करणार, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. खरी गंमत ही आहे, आणि तीच कोणाला येत नाही. माझ्या मते भिंतीवरची गंजिफा म्हणजे नुसतं शोपीस.

लाखेचा_रंग:
शोपीस तर शोपीस, पण सावंतवाडीतल्या चितार आळीतली, म्हणजे कारागिरांच्या गल्लीतली, चूल त्यावरच पेटते ना! गोल पानं कापायची, लेप द्यायचा, एकेक पान हाताने रंगवायचं, वर लाख. खेळणारा एक संच घेणार आणि पुढची वीस वर्षं फिरकणार नाही. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यात ही कला परत उभी केली तीसुद्धा चित्रकलेच्या बाजूनेच. कलाकार जगला तर पानं राहतील, मग खेळा काय ते.

मेंढीकोट_फॅन:
मला एक सांगा, तिघांत १२० म्हणजे हातात चाळीस पानं, धरायची कशी 😄 बावन्न पत्ते आले, सोपे होते, स्वस्त होते, लोकांनी आपखुशीने बदल केला. आमच्या घरचा वारसा म्हणाल तर मेंढीकोट आणि झब्बू, तीन पिढ्या भांडतोय त्यावर. मुलांच्या गळ्यात गंजिफा का मारायच्या?

पानपिसारा:
@लाखेचा_रंग विक्री बंद करा असं म्हटलंच नाहीये. डब्यात मराठीत नियमांचा एक कागद टाका, खेळायला साधा छापील संच वेगळा काढा, रंगवलेला जपून ठेवा.
@मेंढीकोट_फॅन चाळीस पानांचं जड जातं हे मान्य, पण हुकूमच नाही म्हटल्यावर कुठलं पान पडून गेलं हे लक्षात ठेवण्यातच सगळा खेळ आहे, आणि पोकेमॉनची कार्डं तोंडपाठ असणाऱ्या पोरांना मासा-कासव जमणार नाही? गणपतीत जागरणाला पत्ते कुटताच ना, एक रात्र हे काढा.

मेंढीकोट_फॅन:
आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. नियम समजेपर्यंत विसर्जन होईल.