हेल्मेटवर कॅमेऱ्याचा ब्रॅकेट: चिकटवावा की भोक पाडावं?

वाऱ्यावरची_वरात
मंडळी, सल्ला हवाय. स्कायडायव्हिंगच्या २१४ उड्या झाल्या. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "आता कॅमेरा लावायला हरकत नाही", पण म्हणताना चेहरा असा की जणू मी त्यांचीच गाडी शिकायला मागितली. हेल्मेट कार्बन फायबरचं, तोंड उघडं असलेलं, माथा गोल. सध्या साधा ॲक्शन कॅमेरा आहे, पुढे जमलं तर फोटोंसाठी छोटा मिररलेस. ब्रॅकेट माथ्यावर लावू की बाजूला? दुहेरी टेपने चिकटवलेला टिकतो का, की सरळ ड्रिल घेऊन बसू? आणि एक मित्र थ्रीडी प्रिंट करून देतो म्हणतोय, तो घ्यावा का? हेल्मेट महाग आहे आणि हात जरा थरथरतोय, म्हणून आधी विचारते.

नटबोल्ट
टेप टिकते. ती नीट लावत नाहीत म्हणून बदनाम झाली आहे. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडायच्या आधी, पोटावर पडताना वेग ताशी १९० ते २०० किमी असतो. ॲक्शन कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूएवढ्या आकारावर त्या वाऱ्याचा जोर काढला तर साधारण अर्धा ते पाऊण किलो येतो. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपला हे काहीच नाही. खरा ताण पॅराशूट उघडताना येतो आणि विमानाच्या दारावर डोकं आपटतं तेव्हा.

पहिलं काम, ब्रॅकेटचा तळ तुमच्या माथ्याच्या गोलाईला बसतो का ते बघा. सपाट पॅड गोल माथ्यावर लावलात तर मधेच चिकटतो, कडा हवेत राहतात आणि तो डुगडुगतो. ज्या त्या हेल्मेटसाठी बनवलेले ब्रॅकेट मिळतात, शक्यतो तेच घ्या. मग जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आधीचं स्टिकर असेल तर काढा, नाहीतर तुमचा कॅमेरा हेल्मेटला नाही, स्टिकरला चिकटलेला असेल. टेप लावून अंगठ्याने चांगली दाबा. गारठ्यात हे काम करू नका, टेप धरत नाही. आणि मग थांबा! या टेपा २० मिनिटांत निम्म्या धरतात, २४ तासांत बऱ्यापैकी, आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. लोक रात्री चिकटवतात, सकाळी उडतात आणि संध्याकाळी धाग्यावर येऊन रडतात.

थ्रीडी प्रिंटबद्दल: पीएलए प्लास्टिकचा असेल तर नको. साधारण ६० अंशांना तो मऊ पडायला लागतो आणि उन्हात बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. एएसए किंवा नायलॉन चालेल, पण थर कुठल्या दिशेने आहेत ते मित्राला विचारा. ओढ थरांच्या सांध्यावर येत असेल तर तो तिथेच उकलतो.

शंकासुर
आणि एवढं करून निघालाच तर? मी तर कॅमेऱ्याला छोटी दोरी बांधून दुसरं टोक हेल्मेटला अडकवतो. ३००० मीटरवरून दीडशे ग्रॅमचा ठोकळा कुणाच्या डोक्यात पडला तर?

कॅमेरेवाली_काकू
शंकासुरा, तुझी काळजी बरोबर आहे पण दोरीचा तो फास मला नाही आवडत. तिथूनच सुरुवात करते, कारण वरातबाईंनी विचारलंय "टिकेल कसा", आणि मला विचारावंसं वाटतं "अडकेल कुठे".

पॅराशूट उघडताना पायलट शूट (मोठं पॅराशूट ओढून काढणारी छोटी छत्री), ब्रायडल (तिची पट्टी), लाइन्स (पॅराशूटच्या दोऱ्या), रायझर (खांद्यापासून त्या दोऱ्यांपर्यंतचे पट्टे) हे सगळं डोक्याच्या आसपासून झपाट्याने जातं. नेहमी पाठीमागून सरळ वर जातं. पण उघडताना शरीर तिरकं असेल किंवा लाइन ट्विस्ट पडले, म्हणजे दोऱ्यांना पीळ बसला, तर रायझर कानाशी येऊन डोकं दाबून धरतात. अशा वेळी हेल्मेटवर जे काही बाहेर आलंय ते खुंटी होतं. आणि खुंटीला लाइन अडकली की तुमची मान पॅराशूटचा एक भाग झाली म्हणून समजा.

म्हणून करायची चाचणी अगदी घरगुती आहे. ब्रॅकेट, कॅमेरा, सगळं लावून हेल्मेट टेबलावर ठेवा. बारीक दोरा घ्या, पॅराशूटच्या लाइनपेक्षा बारीकच. दोन्ही हातांत धरून हेल्मेटवरून ओढा. मागून पुढे, बाजूने, खालून वर, तिरका, सगळीकडून. जिथे अडकेल तिथे खूण करा. मग ती फट भरा, कोपरा कानशीने गोल करा किंवा उतार द्या. ब्रॅकेट आणि हेल्मेटमधली फट फोमने भरून वर कापडी टेप लावली तरी चालते. सुंदर दिसत नाही, पण आकाशात बघायला कोण येतंय! दोरा पुन्हा ओढा. अडकायचा थांबेपर्यंत हेच.

हे झालं तरी हेल्मेट सुटण्याची सोय हवी. हनुवटीचा पट्टा एका ओढीत सुटेल असा, कुठल्याही हाताने. पट्टा सुटला की हेल्मेट लाइनबरोबर निघून जातं आणि तुम्ही मोकळ्या होता. रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडायची वेळ आली आणि लाइन डोक्याला अडकलेली असेल तर ही सोय नसलेल्याचं काय होईल याचा विचार मी तुमच्यावर सोडते. हे जमिनीवर डोळे मिटून वीसपंचवीस वेळा करून बघा, दोन्ही हातांनी. आणि लक्षात असू द्या, हेल्मेट गेलं की आतला ऑडिबल अल्टिमीटर, कानात वाजून उंची सांगणारा, तोही गेला. मनगटावरचा हवाच.

शंकासुराच्या दोरीचं: दोरी लावायचीच तर हेल्मेटला घट्ट चिकटून, बोटही आत जाणार नाही एवढी आखूड. लोंबणारी असेल तर तूच तुझ्या लाइनसाठी गळ टाकून बसलास.

शंकासुर
काकू, शरण. आजच कापतो.

अर्धवट_रिगर
माथा की बाजू यावर कुणी बोललंच नाही, म्हणून.

बाजूला लावला तर वजन एका कानावर येतं. उघडताना डोकं त्या बाजूला वळतं, आणि रायझरच्या वाटेत तो सगळ्यात आधी येतो. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा असेल तर मान सहन करते, पण मी तरी माथ्यावरच म्हणेन. माथ्यावर ठेवला की पोटावर पडताना तो जरा आडोशाला राहतो, कारण वारा खालून, हनुवटीकडून येतो. डोकं खाली करून उडणारे असाल तर सगळं उलटं, तेव्हा सगळा वारा त्याच्याच अंगावर. हनुवटीवर लावणारेही आहेत, चित्र छान येतं, पण पट्ट्याच्या सुटण्यात तो आडवा येत नाही ना ते आधी बघा.

मिररलेसचं मात्र वेगळं. कॅमेरा आणि लेन्स मिळून एक किलो धरा. साधं उघडणं ३-४ जी असतं, म्हणजे मानेवर तीन-चार किलो. एखादं उघडणं वाईट लागलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि ते वजन मानेच्या वर हातभर उंचीवर असलं तर नुसता दाब नाही, पिळ बसतो. म्हणून तीन गोष्टी. ब्रॅकेट जेवढा बुटका तेवढा चांगला. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य डोक्याच्या मध्यरेषेवर येऊ द्या, लेन्स पुढे ओढत असेल तर ब्रॅकेट थोडा मागे सरकवा. आणि उघडायच्या क्षणी वर पॅराशूटकडे बघायचं नाही. नजर क्षितिजावर, मान सरळ. आपण सगळेच वर बघतो, सवयच असते, ती आधी मोडा, मगच किलोभर वजन डोक्यावर घ्या.

भोक पाडण्याबद्दल: मिररलेस असेल तर टेपवर विसंबू नका, बोल्टच हवेत. पण हेल्मेटला आघाताचं प्रमाणपत्र असेल तर आधी बनवणाऱ्याचं पुस्तक वाचा. भोक पाडल्यावर ते प्रमाणपत्र तसंच राहील असं धरू नका. पाडायचंच तर:

कार्बनवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर भोकाच्या कडेचे धागे उसवतात. आतून लाकडाचा तुकडा धरून मगच ड्रिल, वेग कमी, बिट नवं. तोंडावर मास्क, ती धूळ फुप्फुसात घ्यायची नाही. भोकाच्या कडांना इपॉक्सीचा हात द्या. आतल्या बाजूने मोठा वॉशर, आणि नट डोक्याकडे टोचणार नाही असा बुटका. हे फार जण विसरतात. जमिनीवर डोकं आपटलं तर बाहेर कॅमेरा आणि आत नट, मधे तुम्ही. फोमच्या खाली सपाट बसणारे टी-नट त्यासाठीच आहेत. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, कार्बनला चिकटून ॲल्युमिनियम ठेवलं तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं.

नटबोल्ट
रिगरभाऊंना जोड. मिररलेसच्या बुडाला पाव इंची स्क्रू लागतो, इंचाला २० आटे. एम६ दिसायला तसाच असतो, दोन फेरे जातोही, आणि मग कॅमेऱ्याचे आटे खातो. माझ्याकडे असा एक कॅमेरा आता पेपरवेट आहे.

आणि आटे सैल पडू नयेत म्हणून निळा थ्रेडलॉकर वापराल तर धातूवर धातू असेल तिथेच. पॉलिकार्बोनेटच्या ब्रॅकेटला लागला तर प्लास्टिकला बारीक तडे जातात, तेही लगेच नाही. लावताना ठणठणीत दिसतं आणि आठवड्याने हातात येतं. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा.

वाऱ्यावरची_वरात
एवढं सगळं! काकू, दोऱ्याची चाचणी आत्ताच करून आले, ब्रॅकेट नुसता रबरबँडने धरून. तीन ठिकाणी अडकला. एक अपेक्षित होतं, ब्रॅकेटच्या मागची कड. दुसरं कॅमेऱ्याच्या अंगठास्क्रूचं टोक, ते एवढं बाहेर आलेलं असतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. आणि तिसरं हेल्मेटचंच, ऑडिबलच्या खिशाची कड. म्हणजे कॅमेरा नसतानाही मी खुंटी घेऊनच फिरत होते.

रिंग साइट, डोळ्यासमोर धरून नेम साधायची ती, आत्ता घ्यावी का?

कॅमेरेवाली_काकू
आत्ता नको. ॲक्शन कॅमेऱ्याची चौकट इतकी रुंद असते की नाक ज्याच्याकडे, चित्र त्याचं. डोळ्यासमोरची ती काडी म्हणजे आणखी एक अडकायची जागा. मिररलेस आला की घ्या. तेव्हा भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभं राहून, साइटच्या मध्यात भिंतीवरची खूण धरून फोटो काढा, आणि खूण फोटोच्या मध्यात येईपर्यंत ब्रॅकेटखाली पाचर सरकवत बसा. अर्धा दिवस जातो.

अंगठास्क्रूच्या जागी आखूड ॲलन स्क्रू टाका, एम५ चा बसतो.

एक गोष्ट धाग्याबाहेरची. १९८८ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, आठशेच्या वर उड्या झालेला एक कॅमेरावाला दुसऱ्यांचं चित्रण करायला विमानातून बाहेर पडला, आणि त्याने पॅराशूटच घातलेलं नव्हतं. नवखा नव्हता तो. कॅमेरा लावला की डोक्यातली बरीच जागा तोच खातो, कॅमेऱ्याआधी २०० उड्या झालेल्या हव्यात असं सांगतात ते म्हणूनच. विमानात चढायच्या आधी आधी स्वतःची तपासणी, मग कॅमेऱ्याची. उलट क्रमाने नाही.

वाऱ्यावरची_वरात
(दहा दिवसांनी)
अपडेट. हेल्मेटच्या गोलाईचाच तयार ब्रॅकेट घेतला, टेपने चिकटवला, चार दिवस हात लावला नाही. अंगठास्क्रू गेला, ॲलन आला. ऑडिबलच्या खिशावर कापडी टेप. दोरा आता कुठेच अडकत नाही, आईलाही ओढायला लावला, ती माझ्याहून जोरात ओढते.

पण खरी गंमत पट्टा सोडायच्या सरावात झाली. डोळे मिटले, ओढलं, हनुवटी मोकळी झाली, आणि हेल्मेट जागचं हललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. आरशात बघितलं तर गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या वरून! दोनशे उड्या तसाच घालत आले. म्हणजे सुटायची सोय होती, आणि वरून मीच ती बांधून ठेवली होती. आता गॉगल आतून.

अर्धवट_रिगर
हे मी पण तपासतो आज. बोलत नाही कुणाला.

कॅमेरेवाली_काकू
शाब्बास. आता पहिल्या दोन-तीन उड्या कॅमेऱ्याच्या जागी तेवढ्याच आकाराचा, तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा लावून कर, कोपरे गोल करून. एकटीच, कुणाचं चित्रण नाही. दारातून बाहेर पडताना डोकं किती वर आलंय ते तेव्हाच कळेल.

वाऱ्यावरची_वरात
ठोकळा मिळाला. दाराच्या चौकटीला दोनदा लागला. ठोकळ्यालाच खोक पडली.