आर्क डिस्चार्ज: नॅनोनळ्यांऐवजी नुसती काजळीच का जमते?

प्रश्न (नागपूर_लॅब): आर्क डिस्चार्जने, म्हणजे ग्राफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा आर्क पेटवून निघणाऱ्या कार्बनच्या वाफेतून, नॅनोनळ्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) बनवतोय. चेंबर हिंगणा एमआयडीसीतून बनवून घेतलाय. अ‍ॅनोडला ६ मिमीची ग्राफाइट कांडी, कॅथोडला (ऋण टोकाला) १२ मिमीची. वेल्डिंगचा डीसी रेक्टिफायर ८० अँपिअरवर, हीलियम १०० टॉर (टॉर हे दाबाचं एकक) दाबाला. कांडी भराभर झिजते, पण सगळी काजळी भिंतींवर जाते, कॅथोडवर जेमतेम पापुद्रा. बहुभित्ती (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नळ्या हव्यात. चूक कुठे होतेय?

उत्तर १ (आर्कवाला): भाऊ, आधी दाब बघा. १०० टॉर म्हणजे फुलेरीनचा, म्हणजे कार्बनच्या पोकळ गोलाकार रेणूंचा प्रांत. क्रेचमर आणि हफमन यांनी १९९० मध्ये सी-६० ची (६० कार्बन अणूंच्या फुलेरीनची) काजळी साधारण इतक्याच दाबाच्या हीलियममध्ये मिळवली होती. नळ्यांसाठी ५०० टॉरपर्यंत जा. एबेसन आणि अजयन यांनी १९९२ मध्ये ग्रॅमच्या हिशेबात नळ्या काढल्या त्या याच दाबाला. दाब कमी असला की कार्बनची वाफ चटकन पसरते आणि भिंतीवर थिजते. जास्त दाबात ती दोन टोकांमध्येच कोंडून राहते आणि कॅथोडवर बसते.

हीलियम भरण्याआधी रोटरी पंपाने हवा काढा, थोडा हीलियम सोडा, पुन्हा काढा, असं दोन-तीनदा. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं गेजवर नजर ठेवा. काटा चढत असेल तर ओ-रिंग (झाकणाच्या सांध्यातली रबरी कडी) तपासा, कारण आत शिरणारा ऑक्सिजन कार्बनच जाळतो. पावसाळ्यात कांड्या ओव्हनमध्ये वाळवूनच लावा.

उत्तर २ (रेक्टिफायर_दुरुस्ती): दाबाइतकंच अंतर महत्त्वाचं. फट १ मिमीच्या आसपास, व्होल्टेज २० ते २५. कांडी झिजली की फट वाढते, व्होल्टेज चढतं, आर्क तडतडतो आणि विझतो. म्हणून डोळा मीटरवर ठेवून कांडी हळूहळू पुढे सरकवत राहा. झिजणारी कांडी धन टोकालाच आहे ना, तेही तपासा. मशीन स्थिर करंटचं लागतं. मिग (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या) वेल्डिंगचं स्थिर व्होल्टेजवालं मशीन इथे चालणार नाही. आणखी एक, मशीनवर छापलेली ड्युटी सायकल (मशीन न थांबता किती वेळ चालवता येतं ते प्रमाण) ४० अंशांच्या हवेसाठी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा मध्ये जास्त विश्रांती द्या.

नागपूर_लॅब: ५०० टॉरवर कॅथोडवर टणक गोळा आला. राखाडी आहे. यात नळ्या असतील?

उत्तर १ (आर्कवाला): राखाडी कवचात नाही. तो गोळा उभा फोडा: आत काळा, मऊ, तंतुमय गाभा दिसेल, बोटाने दाबला तर भुगा होतो. नळ्या त्यातच, सोबत ग्राफाइटचे कण. तो गाभा तेवढा खरवडून घ्या. कॅथोडला पाण्याचं कूलिंग जोरात ठेवा, नाहीतर नळ्या एकमेकींना चिकटून भाजल्या जातात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात सरळ जोडू नका, चिलर किंवा बर्फाचा टब लावा.

शुद्धीकरणाला हवेत ७५० अंशांवर अर्धा तास. कण आधी जळतात, पण नळ्याही जातात. उरतो तो माल फारच थोडा. चेंबर उघडताना एन-९५ मास्क, हातमोजे, आणि आर्क बघायला वेल्डिंगची काच. काजळी ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.