एमसीके प्रमोटर सी२सी१२ पेशींत इतका मंद का?

प्रश्न
उंदराच्या मसल क्रिएटिन कायनेज (एमसीके) जनुकाच्या प्रमोटरचा, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागाचा, साधारण ३५० बेसचा तुकडा ल्युसिफरेजच्या (प्रकाश देणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या) आधी बसवला आहे. क्रम तपासला, बरोबर आहे. सी२सी१२ पेशी (उंदराच्या स्नायूच्या पूर्वपेशी) २० टक्के एफबीएसमध्ये (गायीच्या गर्भाच्या सीरममध्ये) आहेत. तरी प्रकाश रिकाम्या प्लाझ्मिडपेक्षा जेमतेम जास्त. चूक कुठे?

उत्तर १
तुकडा तोकडा आहे. खरा जोर एन्हान्सरचा (लेखन वाढवणाऱ्या डीएनए-तुकड्याचा), आणि तो लेखनारंभाच्या (जिथून आरएनए बनू लागतो त्या जागेच्या) वर १०५० ते १२५६ बेसच्या पट्ट्यात बसतो. त्या २०६ बेसमध्ये दोन ई-बॉक्स, एमईएफ२ची जागा आणि सीएआरजी बॉक्स आहेत; या सगळ्या लेखन चालवणारी प्रथिनं बसण्याच्या जागा. ई-बॉक्स म्हणजे सीए-एनएन-टीजी (एन म्हणजे कोणतंही अक्षर). सहापैकी चारच अक्षरं ठरलेली, म्हणून योगायोगानेही सरासरी २५६ बेसमागे एक सापडतो. एकट्या ई-बॉक्सवरून प्रमोटर स्नायूचा ठरवू नका. मायोडी (पेशीला स्नायूकडे वळवणारं प्रथिन) ई१२ किंवा ई४७ या प्रथिनांशी जोडी करून ई-बॉक्सवर बसतो, शेजारच्या एमईएफ२ने त्याचं काम वाढतं. हा मेळ स्नायूतच जमतो.

उत्तर २
तुकडा वाढवूनही २० टक्के सीरममध्ये फार उजेड पडणार नाही. वाढत्या मायोब्लास्टमध्ये (स्नायूच्या पूर्वपेशींमध्ये) मायोडी असतो, पण आयडी प्रथिन त्याचे जोडीदार अडकवून ठेवतं. पेशी ६०-७० टक्के भरल्या की प्लाझ्मिड द्या. तयार मायोट्यूब (पेशी जुळून झालेल्या लांब नळ्या) ते फारसं घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी, ८०-९० टक्के भरल्यावर, २ टक्के घोड्याच्या सीरमवर न्या आणि ४-५ दिवस थांबा. एका लांब नळीत ओळीने केंद्रकं दिसली तरच मोजणी करा. नेहमीच्या जोपासनेत मात्र डिश भरू देऊ नका: जुळू शकणाऱ्या पेशी जुळून जातात, मागे न जुळणाऱ्याच उरतात.

उत्तर ३
कंट्रोलचं रेनिला (तुलनेसाठीचं दुसरं ल्युसिफरेज) सीएमव्ही या विषाणूच्या प्रमोटरवर असेल तर बदला; इतका जबर प्रमोटर लेखनाचे घटक स्वतःकडे ओढतो. टीके हा सौम्य प्रमोटर घ्या, रिपोर्टरच्या (तपासायच्या ल्युसिफरेज प्लाझ्मिडच्या) विसावा भाग. तोही डिफरन्शिएशनमध्ये (पेशी स्नायू बनताना) हलतो का, ते रिकाम्या प्लाझ्मिडसोबत पाहून घ्या. ई-बॉक्स तपासताना तो कापू नका, अक्षरं बदला. कापला की बाकीच्या जागांमधलं अंतर सरकतं आणि घट नेमकी कशाची ते कळत नाही. आणखी एक उत्तम चाचणी: १०टी१/२ या उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये (स्नायू नसलेल्या संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये) मायोडीसह आणि मायोडीविना मोजा. याच पेशी मायोडीने स्नायूकडे वळतात, हे १९८७ साली दिसलं होतं.

प्रश्नकर्ता
एन्हान्सर उलटा बसला तर?

उत्तर १
चालतो. प्रमोटर मात्र सुलटाच हवा.