मदत हवी आहे : मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याचं प्रेशर वाढू नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडचे. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात कोल्हापूरला झालं, लेन्स नीट बसली पण रात्री घरी पोचलो तर भुवईच्या वर ठणका, दोनदा उलटी, आम्हाला वाटलं फोंडाघाटाच्या वळणांनी झालं असेल, सकाळी परत नेलं तर प्रेशर 34! नॉर्मल 10 ते 21. ऑपरेशनला जेल वापरतात ती थोडी आत राहिली की डोळ्यातलं पाणी निचरायची वाट तुंबते म्हणे. आईला दमा, म्हणून प्रेशर उतरवायचे टिमोलॉलचे थेंब चालत नाहीत, डायमॉक्सच्या गोळ्यांनी उतरलं पण बोटांना मुंग्या येत होत्या, बिचारीला चहाचा कप धरवेना.

आता डावा डोळा आहे आणि ती नकोच म्हणतेय. आजोबांना काचबिंदू होता, त्यामुळे मलाही धास्ती. कुणाला ऑपरेशनच्या आधीच गोळी दिली होती का? पहिली रात्र तिथेच काढलेली बरी ना? आणि ऑपरेशननंतर देतात त्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काहींचं प्रेशर दोन-तीन आठवड्यांनी चढतं, तर तपासणी किती दिवसांनी केलीत? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमचा अनुभव सांगा प्लीज.