मदत हवी आहे: वडाचं वय कसं सिद्ध करायचं?

रस्ता रुंदीकरणासाठी आमच्या कोपऱ्यावरचा वड तोडायची नोटीस खोडाला खिळ्याने ठोकली आहे. तीत वय लिहिलंय ३५ वर्षे. १९७५ च्या झाडं जतन कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे सगळं या एका आकड्यावर अडलंय.

रस्ता आम्हालाही हवाय, शाळेची पोरं तिथूनच जातात. पण वड मध्ये ठेवून वळण देता येईल एवढी जागा आहे, आम्ही टेप लावून मोजलीय.

छातीच्या उंचीवर घेर ४.६ मीटर भरला. शेजारच्या आजींकडे १९६९ चा लग्नाचा फोटो आहे, त्यात मांडवामागे हाच वड, पारासकट. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, पण उत्तराला ३० दिवस, आणि हरकतीला उरलेत पाचच. खोडाला भोक पाडून तपासणी नकोय. वकिलाचा खर्च झेपणार नाही.

असा जुना फोटो, सोबत आजींचं प्रतिज्ञापत्र, वृक्ष प्राधिकरणापुढे पुरावा म्हणून कुणाचा चाललाय का? की वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा लेखी दाखला लागतोच?