ब्युरोची बाई दुपारी रिकामी असते म्हणे!

बजाजनगरकर
घरी पेशंट सांभाळायला नर्सिंग ब्युरोकडून बाई ठेवतात, तिच्यावर सकाळी एक पोस्ट वाचली: "बारा तासांचे पैसे मोजतो आणि ब्युरोची बाई दुपारभर खुर्चीत बसून मोबाईल पाहते. पेशंट झोपला असताना चार भांडी घासली तर हात झिजतात का?" खाली अंगठ्यांचा पाऊस.

हात झिजत नाहीत हो, पण खरकट्यातले तेच हात पुढच्या मिनिटाला कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, लागतात. अंथरुणाला खिळलेला पेशंट धरा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर दाबाने पाठीला जखमा (बेडसोअर) होतात. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीतून, एका वेळी २०० ते २५० मिलि फीड (पातळ अन्न). त्याआधी नळीवरची खूण नाकपुडीशी जागेवर आहे का ते पाहायचं. सिरिंज वर धरून फीड आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या मारायचा नाही. शेवटी ३० मिलि पाणी, नाहीतर डाळीचा साका नळीत बसतो. मग किमान अर्धा तास डोकं उंच. युरिन बॅग दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची. ती मूत्राशयापेक्षा खाली हवी, पण फरशीला टेकलेली नको. डायपर आणि तोंड पुसणं वेगळंच. एवढ्यात ती वीस मिनिटं टेकते, आणि तुम्ही नेमके तेव्हाच डोकावता.

त्रिमूर्तीनगर_७
पोस्ट माझीच. एअर बेड आणला आहे नं बाप्पा! पंप स्वतःच हवा फिरवून राहिला, मग दोन तासांनी कूस काहून? तेवढा वेळ उरलाच की.

रात्रपाळी
हे दुकानदाराने सांगितलं की घरीच ठरवलं? एअर बेड दाब कमी करतो, कूस बदलत नाही. आणि त्यावर तुम्ही काय अंथरलंय ते सांगा. बहुतेक घरांत गोधडी, तिच्यावर रबरशीट, वर घट्ट खोचलेली चादर. मग हवा फिरते ती गोधडीसाठी! एकच पातळ सुती चादर, तीही सैल. माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी उताणा हात सरकवा. हात आणि पेशंट यांच्यात इंचभर हवा लागली नाही तर बेड असून नसल्यासारखा. टाचा वेगळ्या उचलायच्या: उशी पोटऱ्यांखाली, टाच अधांतरी.

त्यात आपला नागपूरचा मे महिना. पारा ४५ वर, अंगाखाली प्लास्टिक आणि समोर कूलर. कूलर हवा गार करतो तशी दमटही करतो. पाठ वाळत नाही, ओली कातडी चादरीला चिकटते आणि कूस बदलताना सोलून निघते.

जुनी_सिस्टर
कूलरला नावं ठेवू नका. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून पेशंट उकडायचा आहे का? खिडकी उघडी ठेवा, हवा पायांकडे वळवा, झालं. एअर बेड नव्हते तेव्हा स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची रीत होती. आता चोळायला कोणाला वेळ आहे!

रात्रपाळी
खिडकीचं बरोबर. चोळण्याचं, मान राखून सांगतो, साफ चूक. लाल जागा बोटाने दाबा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर आत इजा सुरू झाली आहे, चोळून ती वाढते. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे उलट्या हाताने पाहायचं, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागते का. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, पावडरचे घामात गोळे होतात. आणि ती मधे भोक असलेली रिंगची उशी फेकून द्या, कडेचा दाब रक्त अडवतो.

जुनी_सिस्टर
पावडरच्या गोळ्यांचं कबूल. बाकी शिकवू नका. तुमच्या कोर्स केलेल्या पोरी फीडसाठी डोकं उंच करतात आणि तसंच ठेवून देतात. पेशंट घसरतो, कातडी चादरीला धरून राहते, हाड खाली जातं. जखम तिथूनच. फाउलर बेडला, डोकं आणि गुडघे वेगवेगळे उचलणाऱ्या त्या दवाखान्याच्या खाटेला, दोन हँडल का असतात? आधी गुडघ्यांचं फिरवायचं, मग डोक्याचं. फीड जिरलं की ३० अंशांवर उतरवायचं. एवढंही येत नाही!

बजाजनगरकर
आणि घसरलेल्याला वर कसं घेतात? काखेत हात घालून, एकटीने. ७० किलोचा माणूस! कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलायचा असतो, ओढायचा नसतो. दुसरे दोन हात घरातलेच लागतात, आणि घरातले म्हणतात "त्याचेच तर पैसे देतो."

त्रिमूर्तीनगर_७
म्हणजे पैसेही आम्हीच मोजायचे आणि उचलायचंही आम्हीच! वा रे न्याय. उद्या पेशंटच्या जागी आम्हीच झोपतो. आणि शेवटच्या दिवसांत या बाया घरच्यांना चमचाभर गंगाजल पाजू देत नाहीत, त्याचं काय?

कडुनिंब
बरोबर करतात. गिळणं गेलं की तो चमचा श्वासनळीत उतरतो. गॉज ओला करून ओठ, हिरड्या, जीभ पुसा. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांवर टेकवा, आत नको. घशाची घरघर ऐकून कफ ओढायचं सक्शन मशीन आणायला धावू नका. एका कुशीवर वळवलं की बहुधा आवाज कमी होतो.

आणखी एक, कारण शिव्या बाईलाच बसतात. दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर विचारा. नाहीतर चार दिवसांनी पोट फुगतं आणि दोष तिच्या वरणाला. गोळीची वेळ, लघवी किती, शेवटची शी कधी, हे वहीत हवं. भांड्यांचं विचारण्याआधी ती वही मागा.

त्रिमूर्तीनगर_७
भांडी सोडली. मोबाईलचं मागे घेत नाही. हात घालून पाहिला. पंपाचं बटण १२० किलोवर, दुकानातून आलं तसंच. आई ४८ किलोची.

रात्रपाळी
मग तो एअर बेड नाही, पाट आहे. ४८ वर आणा, वीस मिनिटं थांबा, परत हात घाला. आधी गोधडी काढा.