उसंत नाही, पण कानावर पडतं ते?

संसारात अडकलेल्याला उसंत नसते, म्हणून कथा सुचत नाही, असं म्हणतात. मला उलटं वाटतं. वेळ मिळत नाही हे खरं, पण माल घरातच मिळतो.

कथाकार प्रकाश नारायण संतांचंच बघा. जन्म १९३७ चा, आई कवयित्री इंदिरा संत. पण लहानपणीच आजोळी दत्तक गेले, म्हणून खरं नाव भालचंद्र दीक्षित. त्यांच्या कथांतला मुलगा, लंपन, आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे वाढतो. बेळगावकडची ती कानडी हेल असलेली मराठी घरात ऐकल्याशिवाय कागदावर तशी उतरत नाही.

आमचं घर निपाणीचं. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, हजारावर मजुरी. हात चालू असताना शेजारणीशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि खरी शिवी कानडीत! माझ्या कथांतले संवाद तिथले आहेत. तंबाखूच्या वासासकट.

एक अडचण मात्र आहे. मावशीवर बेतलेलं पात्र मावशीनं ओळखलं. दोन दिवाळ्या झाल्या, फराळाचा डबा आलेला नाही. पुढच्या कथेत तिला काकू करून बघतो.